हाशमची भरलेली जीप

"आणि होकायंत्र बिघडलं तर?"

"दुसरं आहे, बाबा."

"तेही बिघडलं तर?"

"तर सूर्य आहे, तारे आहेत," हाशम म्हणाला. "ते बिघडले तर मात्र माझा इलाज नाही."

रहमतशा फकीर हसले नाहीत. तोंडातला खजूर या गालातून त्या गालात गेला, एवढंच.

डांबरी सडक जिथे संपते, तिथे एक विहीर आणि विहिरीला टेकून बाबांची झोपडी. पुढे नुसती वाळू. इतकी, की तिथले उंटसुद्धा एकमेकांना पत्ता विचारतात म्हणे. पलीकडे जाणारा प्रत्येक जण विहिरीपाशी थांबतो तो पाण्यासाठी. बाबांसाठी थांबलो होतो, असं मागाहून सांगतो.

हाशमचं मात्र तसं नव्हतं. तो बाबांचा जुना शिष्य. शहरात त्याचं जीप दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि आपण दुरुस्त केलेली जीप बंद पडायचा विचारसुद्धा करत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. आपल्यापुरतं त्याला ते खरंही वाटायचं.

आज तो वाळवंटापलीकडच्या मिठागराच्या वस्तीवर निघाला होता. धाकटा भाऊ दिलावर तिथे राहायचा. दोघांची म्हातारी अम्मा आता बराच वेळ अंथरुणावरच असायची, आणि उठून बसली की एकच बोलायची. दिलावरला घेऊन ये. एकदा बघू दे.

जाताना तिने बजावलं होतं, बाबांना विचारल्याशिवाय वाळूत चाक घालू नकोस.

म्हणून तो विचारत होता. खरं म्हणजे ऐकवत होता.

"जॅक?" बाबांनी विचारलं.

"तीन."

"तीन कशाला?"

"एक वाळूत रुतला तर त्याला काढायला दुसरा."

"आणि तिसरा?"

"दुसऱ्याचा काय भरवसा, बाबा?"

बाबांनी मान डोलावली. हाशमला बरं वाटलं. त्याने मग स्प्रिंगचे जादा पाटे सांगितले, फॅनबेल्ट सांगितले, चाकांखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या सांगितल्या. डिझेल जाऊन-येऊन पुरेल आणि वर चूल पेटवायला उरेल, हे सांगितलं. तंबू होता, तंबूला ठिगळं होती, ठिगळांना सुई-दोरा होता. विंचवाचं औषध होतं. दोन विंचू एकदम चावले तर काय, याचाही विचार झाला होता.

"दमलास का?" बाबा म्हणाले.

"छे."

"मी दमलो. चल, दाखव तरी."

बाहेर जीप उभी होती. पुढून पाहिलं तर वाटावं, लष्कर निघालंय. मागून पाहिलं तर बिऱ्हाड. टपावरच्या सामानाच्या सावलीत विहिरीवरच्या शेळ्या आधीच येऊन बसल्या होत्या.

बाबा जीपभोवती एक फेरी फिरले. चाकाला पाय लावला. कॅनवर टिचकी मारली. हाशम मागे मागे. बायको साडी नेसून 'कशी दिसते?' विचारते तसा चेहरा करून.

मग बाबांनी ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं, झब्बा सावरला आणि चढायला एक पाय आत टाकला.

पाय हवेत राहिला.

आत सीट नव्हती. सीटच्या जागी पाण्याचा ड्रम होता, लोखंडी पट्टीने पक्का आवळलेला.

"बसायला जागा नाही, बाबा," हाशम हसत म्हणाला. "सीट काढून टाकली. पाण्याची सोय झाली. डोकं लावलं."

बाबा तसेच. एक पाय जमिनीवर, एक जीपमध्ये.

"दिलावर कुठे बसणार?"

हाशमचं हसू तोंडावरच राहिलं, पण आता त्याला काही काम नव्हतं.

"मागे... मागे बसेल. कॅनवर. घोंगडं टाकू."

"येताना पाणी किती जणांचं धरलंस?"

हाशमने ड्रमची पट्टी चाचपून पाहिली.

"एकाचं," हाशम म्हणाला.

एक शेळी उठली, अंग झाडून पुन्हा बसली.

"तो यायचाच नाही, बाबा. तुम्हाला माहीत नाही त्याचा स्वभाव. माझ्याच गॅरेजात कामाला होता. त्या दिवशी मी त्याला चार कामगारांसमोर बोललो, तुझ्यावाचून इथे काही अडत नाही. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि निघाला. पाना आपटलासुद्धा नाही. आपटला असता तर आला असता परत."

"येतोस का, असं विचारलंस?"

"तेच विचारायला चाललोय ना."

"तू विचारायला चाललायस. जीप उत्तर घेऊन चाललीय."

हाशम ड्रमकडे बघत राहिला. आवळलेली पट्टी चांगली बसली होती. काम त्याच्या हातचंच होतं. आठवू गेला तर ती सीट काढताना आपल्या मनात काय होतं, हे त्याला आठवेना. पाण्याचंच काहीतरी होतं, बहुतेक.

त्याने पाना काढला. नट सोडवायला वेळ लागला, कारण त्याने आवळलेले नट सुटत नसत अशी त्याची ख्याती होती. ड्रम लोळवत विहिरीपर्यंत नेला. टपावरून दोन जॅक उतरवले, तंबू उतरवला, ठिगळं उतरवली. टपावर रिकाम्या झालेल्या जागी दोघांचं येतानाचं पाणी कॅनमध्ये भरून बांधलं. शेळ्यांची सावली निम्मी झाली. त्या उठून झोपडीमागे गेल्या.

बाबा विहिरीच्या काठावर बसून बघत होते.

"सीट कुठाय?"

"घरी. अंगणात टाकलीय. अम्मा बसते तिच्यावर संध्याकाळी."

"कुठे तोंड करून?"

हाशम हात पुसत होता.

"रस्त्याकडे."

"मग आज परत जा. ती उचलून लाव. उद्या निघ."

"अम्मा विचारेल, का परत आलास."

"सांग, सीट विसरलो."

हाशम जीपमध्ये बसला. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं. पण त्याने गिअर टाकला नाही. शेजारी, ड्रम होता तिथल्या पत्र्यावर एक गोल ओला डाग होता. तो वाळेपर्यंत त्याने तिकडे पाहिलं.

मग इंजिन बंद केलं.

"बाबा... सीट लावली. गेलो. विचारलं. आणि तो नाही म्हणाला तर?"

सगळ्या वाटभर ज्याच्या खिशात उत्तरं खुळखुळत होती, त्याने एवढा एकच प्रश्न खरा विचारला होता.

रहमतशा उठले. जीपपाशी आले. उघडं राहिलेलं दार हळूच लावून घेतलं.

"तर तेवढी जागा अम्मापर्यंत रिकामीच ने. वाटेत काही भरू नकोस तिच्यात, सामानही नाही, सबबीही नाहीत."