वाळूची सासू

एका राज्याच्या दोन टोकांना दोन नगरं होती. जलपूरचा पाऊस थांबायचं नाव घेत नसे. तिथली मुलं चालण्याआधी घसरायला शिकत. वाळवंटातल्या तप्तपुरात ढग कोणी पाहिलाच नव्हता. जलपूरची कमलजा तप्तपूरच्या राजपुत्र सूरसेनाशी लग्न करून आली, आणि उंबऱ्यातच तिला कळलं की आपली सासू वाळूची आहे.

राणी चंद्रसेनेने एका मांत्रिकाला दारातून हुसकून लावलं होतं. त्याने तिची वाळू करून टाकली. रोजचा वारा तिला चिमूट चिमूट नेई. झरोक्यांना पडदे बांधून बांधून सूरसेन थकला होता. चेहरा अजून शाबूत होता, पण पुढच्या वावटळीत तोही जाणार होता.

कमलजाला हे नगर मानवेना. जलपुरात छपरांवर पाऊस असा वाजे की माणसं जन्मभर ओरडूनच बोलत. तप्तपूरचे लोक घशाची ओल राखत, ओठांतल्या ओठांत बोलत. पहिल्याच दिवशी कमलजाने मीठ मागितलं आणि अख्खी पंगत दचकली. दासी तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून बिचारी गप्पच झाली. आईची आठवण आली की ती सासूजवळ जाऊन बसे. त्या चेहऱ्यावर माया होती, वाळूची का असेना.

एके सकाळी कठड्यावरचा होला पक्षी तिला म्हणाला, "सूनबाई, वावटळ निघाली आहे. राणीला वाचवायचं तर तीन गोष्टी आण."

"सांगा."

"भर दुपारची सावली, मृगजळातल्या नागाचा अश्रू, आणि कोरड्या विहिरीतल्या यक्षाचं ओंजळभर पाणी."

कमलजाने शमीखालची सावली अलगद सोलून पदरात बांधली. झाडाने हरकत घेतली नाही. उन्हाने कासावीस झालेल्या नागाला तिने वारा घातला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. यक्षाचं काम मात्र अवघड होतं. सूरसेन वर्षानुवर्षं पाण्यासाठी त्याला हाका मारत होता, पण तप्तपूरच्या रीतीने, हळू आणि अदबीने. त्या हाका अर्ध्या विहिरीतच विरत.

कमलजा काठावर वाकली आणि नदीपलीकडच्या आईला जेवायला बोलवावं तशी ओरडली, "यक्षराज, उठा!"

नगरातली कबुतरं उडाली. यक्ष डोळे चोळत वर आला.

"पाणी देईन," तो म्हणाला. "बदल्यात तुझी माहेरची वाट मला दे. ती तुला पुन्हा आठवणार नाही."

कमलजाचा जीव गलबलला. तिकडे आई एकटीच होती. ती काठावर बसून मनसोक्त रडली. मग डोळे पुसून तिने ओंजळ पुढे केली. ओंजळ भरत गेली तसे वाटेतले डोंगर, नद्या, वळणं सगळं तिच्या मनातून पुसलं गेलं.

वावटळ वेशीत शिरली तेव्हा ती सासूपाशी पोचली. तिने राणीला सावली पांघरली, अश्रू कपाळाला लावला, पाणी ओठांशी धरलं. वाळू आधी भिजली, मग उबदार झाली. राणीने श्वास घेतला. वावटळ दारावरूनच माघारी फिरली, आणि मांत्रिकाची विद्याही तिच्याबरोबर गेली.

कमलजाकडून कळलेली सारी हकिकत सूरसेनाने आईला सांगितली. राणीने सुनेचा हात हातात घेतला.

"माझ्यासाठी आईला मुकलीस?"

"वाट आठवत नाही, सासूबाई. आई आठवते."

"वाट तू दिलीस, मी नाही दिली." राणी उठून उभी राहिली. "उंटावर खोगीर चढवा. विहीणबाईंना आणायला मी स्वतः जाते."

"तिथे पाऊस असतो," सूरसेन घाबरून म्हणाला.

"असू दे. भिजेन."

ती गेली. परतली तेव्हा उंटावर दोघी होत्या. कमलजा तापल्या वाळूतून अनवाणी धावत सुटली. पाय भाजले तरी तिला कळलं नाही. आईने तिला पोटाशी धरलं.

"रडणं घरात जाऊन करा," राणी म्हणाली. "ऊन लागेल दोघींना."

दोघींचे हात धरून तिने त्यांना आत नेलं. त्या दिवसापासून राजवाड्यात दोन आया नांदू लागल्या, आणि कमलजाचं माहेर तिथेच झालं.