मधली काच

"मंग गाडी आपली आपणच चालते, तर आतल्या माणसानं करायचं काय?" गोमाजीबाबांनी विचारलं.

"काम करायचं, बाबा," निशिकांत म्हणाला. "नागपूर ते अमरावती, एक मिनिट वाया जाणार नाही."

त्याच्या वर्कशॉपमध्ये प्लायवूडची गाडी उभी होती. माप खऱ्या गाडीचं, फक्त चाकं नव्हती. आत दोन खुर्च्या, दोन टेबलं, दोन स्क्रीन. उद्या कंपनीची माणसं नमुना पाहायला येणार होती. त्याआधी बाबांनी नुसतं 'छान' म्हणावं, म्हणून त्यानं त्यांना आश्रमातून मुद्दाम आणलं होतं. पठ्ठ्याचा सगळा जीव त्या एका शब्दात अडकला होता.

"मधात ही काच कायले?"

"शेजारच्याचा त्रास नको म्हणून. इकडचा आवाज तिकडे जात नाही. ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्यापाशी."

"हं..."

बाबा एका खुर्चीत बसले. निशिकांत पलीकडे बसला आणि हौसेनं एकेक गंमत सांगत सुटला. टेबल कसं सरकतं, दिवा कसा मंद होतो. बाबांना त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बाबांनी झोळीतून संत्रं काढलं. सावकाश सोललं. समोर बघतच त्यांनी एक फोड शेजारी धरली.

हात काचेला लागला.

निशिकांतचं बोलणं तुटलं. तरुणपणी तो आश्रमाची जीप चालवायचा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, रस्ता खड्ड्यांचा. मग शेजारी बसलेले बाबा असेच भरवायचे. आई गेल्यानंतर त्याला दुसऱ्या कुणी भरवलं नव्हतं.

बाबांचा हात काचेपाशी तसाच होता. मागे येत नव्हता...

निशिकांत उतरला. वळसा घालून बाबांच्या दाराशी आला आणि खाली बसला.

"काढू का काच, बाबा? उद्या ती माणसं मला वेड्यात काढतील. काम हातचं जाईल..."

"आ कर."

त्यानं तोंड उघडलं.

बाबांनी फोड भरवली आणि दुसरा हात त्याच्या हनुवटीखाली धरला.

"बिया गिळू नको. माह्या हातावर दे."