कुमोदानीची कोरी शिळा

मंडळी, त्या शिळेवर अक्षरं शोधू नका, उगाच डोळे दुखतील. जपानातल्या या कुमोदानी मठाच्या अंगणात, म्हाताऱ्या चेरीच्या झाडाखाली, ती सहाशे वर्षं कोरीच आहे. पण तिच्यावर जितकं लिहिलं गेलं, तितकं सगळ्या मुलखात कुठल्या दगडावर नाही.

सांगतात ते असं. इथल्या सुभेदाराची, सुकेनागाची, सात वर्षांची लेक चिगुसा ऐन बहरात तापाने गेली. त्याने तिचं नाव घेणंच टाकलं आणि गळणाऱ्या फुलांवर दात धरला. पुढच्या वर्षी पुन्हा बहर आला, तेव्हा न टिकणारं काही नको म्हणाला. झाड तोडायचं आणि तिथे लेकीच्या नावाची शिळा उभारायची. मठात पोथ्या उतरवणाऱ्या भिक्षुणी जोएनने शाईने नाव लिहायचं, पाथरवटाने त्यावर छिन्नी चालवायची, आणि नाव कोरून झालं की कुऱ्हाड.

सारं अनित्य आहे, हे जोएनने जन्मभर शेकडो पोथ्यांत उतरवलं होतं. तरी त्या झाडावर तिचा भारी जीव. सत्तरी उलटलेली, त्यात नजर अधू. तिने कुंचला शाईऐवजी शेजारच्या पाण्यात बुडवला म्हणे. दगडावर नाव ठळक उमटलं. पाथरवट छिन्नी टेकवतो न टेकवतो तोच उन्हाने ते उडून गेलं.

"थट्टा करतेस?" सुकेनागा गरजला.

जोएनने कुंचला पुन्हा उचलला. शाई हाताशीच होती. पण सुभेदाराची नजर त्या मोकळ्या जागेवरून हलत नव्हती, हे तिने पाहिलं. तिने पुन्हा पाण्यानेच लिहिलं, या खेपेला जाणूनबुजून. अक्षरं वाळू लागली तसा तो पुटपुटला, "चिगुसा." वर्षभरात पहिल्यांदा.

"कोरलंत तर एकदा वाचाल नि पाठ फिरवाल, सरकार," जोएन म्हणाली. "हे रोज लिहावं लागेल."

त्याने कुंचला हिसकावला. लिहिलं, वाळलं, पुन्हा लिहिलं. ओल्या अक्षरांवर पाकळ्या येऊन चिकटल्या. लेक तोंड उघडून पाकळ्या झेलायची, ते आठवून तो ढसाढसा रडला आणि रडता रडता हसला. कुऱ्हाड त्याने स्वतः दरीत भिरकावली. मग गावाने नगारे बडवले, मठाची घंटा दिवसभर थांबली नाही. जोएनला पालखीत बसवून मिरवलं, ती आपली "उतरवा रे मला" म्हणत होती.

आजही बहर आला की लोक इथे येतात, आपल्या गेलेल्या माणसाचं नाव पाण्याने लिहितात, मोठ्याने वाचतात, आणि प्रत्येक नावाला नगारा वाजतो. शाईला सक्त मनाई आहे. हा घ्या कुंचला. तुम्ही कुणाचं नाव लिहिताय?