पुढची तारीख

आमच्या आळीतल्या सुभद्राक्का आणि त्यांचा धाकटा भाऊ विश्राम यांच्यात विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरून कोर्टात दावा चालू होता. घरं शेजारी असूनही गावात दोघं एकमेकांशी बोलत नसत. अक्कांना दुसरं कोणीच नव्हतं.

एक दिवस टीव्हीवरच्या अदालतीच्या कार्यक्रमाचा साहेब काळा चष्मा लावून अक्कांच्या दारात आला. विश्रामला त्याने आधीच तयार करून सोबत आणलं होतं.

"मावशी, आमचे न्यायाधीश अर्ध्या तासात निकाल देतात. सगळा महाराष्ट्र तुम्हाला बघेल!"

"बघेल हो, पण माझ्याशी बोलेल का?" अक्का म्हणाल्या. "आणि पुढची तारीख कधीची देता?"

साहेब हसला. "अहो, आमच्याकडे तारीखबिरीख नसते. एकदा निकाल लागला की विषय संपला."

"मग आमचं कोर्टच बरं. तारखेला हा माझ्या शेजारी बाकावर बसतो, माझ्या डब्यातलं खातो. तुमच्या अर्ध्या तासानंतर हा मला कुठे भेटणार?"

साहेबाने चष्मा काढला आणि विश्रामकडे पाहिलं.

विश्राम जमिनीकडे बघत पुटपुटला, "अक्का, दावा मीच जिंकणार."

"जिंक की बाबा," अक्का म्हणाल्या, "फक्त घाई करू नकोस."