अभिनंदनची पाठ

“मातीनं पुळ्या जात्यात न्हवं, वस्ताद?”

अभिनंदन चौगुलेनं तालमीच्या दारातूनच विचारलं. एका जागी उभं राहणं त्याला जमत नव्हतं. या पायावरून त्या पायावर, आणि मधूनच खांदा चौकटीला घासणं.

हिंदुराव वस्ताद हौदातली तांबडी माती खोऱ्यानं उकरत होते. याच हौदात त्यांनी त्याला पोरवयात कुस्ती शिकवली होती. पुढं त्याला जिमचं वेड लागलं आणि दंड असे फुगले की सदऱ्याच्या शिवणी उसवायच्या.

“कुणाच्या पुळ्या?”

“माझ्याच. पाठीवर. रविवारी शरीरसौष्ठवाची स्पर्धा हाय. अंगाला रंग लावत्यात, तो फुटलेल्या कातडीवर बसत न्हाई. तवर रोज मातीत लोळलो तर...”

“सदरा काढ.”

अभिनंदनचा हात गुंडीवर गेला आणि तिथंच थबकला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाठीचंही तेच, असं तो आजवर धरून चालला होता. घरात आईसमोरही तो बनियन काढत नसे.

“रविवारी गावाला दावणार हाईस,” वस्ताद म्हणाले, “आन् मला एकट्याला न्हाई?”

त्यानं सदरा काढला. त्याला फार लाज वाटली. पाठभर पिकलेले फोड, आणि खांद्यावर कातडी ताणून पडलेल्या जांभळ्या रेघा.

वस्तादांनी त्या जांभळ्या रेघा जवळून पाहिल्या.

“दंड फुगवायच्या सुया घेतोस?”

“स्टेरॉइडच्या... व्हय.”

“डॉक्टरला दावलंस?”

“दावलं. म्हणाले, आधी सुया बंद, मग औषध.”

“मग हितं कशाला आलास?”

सुया सोडण्यापेक्षा माती सोपी वाटली, हे काही त्याला बोलवेना. तो तसाच हौदाकडं सरकला. वस्तादांनी खोरं आडवं धरलं.

“फोडाच्या अंगानं हौदात उतरायचं न्हाई. एकाच्या अंगाची माती दुसऱ्याला लागती. ठावं हाय तुला.”

अभिनंदननं आपल्या दंडांवरून हात फिरवला.

“सुया सोडल्या तर हे सगळं उतरंल, वस्ताद. मग माझं ऱ्हाणार काय?”

वस्तादांनी खाली पडलेला सदरा उचलला आणि त्याच्या पाठीवर टाकला. हलक्या हातानं, फोडांना लागू नये असा.

“जे ऱ्हाईल, त्याला घिऊन ये. त्याला मातीत उतरवतो.”