फिलूच्या करवंट्या आणि घाईची परी

वसईच्या हिरव्यागार केळबागांमध्ये एक एवढंसं कौलारू घर होतं आणि त्या घरात एक एवढीशी मुलगी राहायची. तिचं नाव फिलू. फ्रॉकला तीन ठिगळं, पायांत चपला नाहीत, पण डोळे असे की समोरचा अर्धं जरी खोटं बोलला तरी ते लगेच बारीक व्हायचे. मनाने फिलू लोण्यासारखी मऊ. मुंगीलासुद्धा वाट करून द्यायची. विश्वास मात्र ती कुणावर सहजासहजी ठेवायची नाही. आणि मला विचाराल, तर तिचं फारसं चुकत नव्हतं.

कारण ऐका. पावसाळ्यात तिची आई विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिच्या पायाचं हाड मोडलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. "येत्या रविवारी आई घरी," बाबा म्हणाले. रविवार आला, आई आली नाही. "पुढच्या रविवारी नक्की," शेजारच्या कार्मेलकाकी म्हणाल्या. तोही रविवार कोरडा गेला. "दिवाळीनंतर बघ," चर्चमधले फादर म्हणाले. दिवाळीनंतर फिलूने बघितलं, फाटकात नुसती कोंबडी उभी होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. फिलू तर साधं पाणीही फुंकून प्यायला लागली. रोज संध्याकाळी ती बाबांच्या शेजारी गुडघे टेकायची, "देवा, आईला घरी आण, आमेन," म्हणायची, आणि एक डोळा उघडून दाराकडे बघायची. देवाला ऐकू कमी येत असावं, असं तिला वाटू लागलं होतं.

मग आगमनकाळ आला, म्हणजे बाळ येशूची वाट बघायचे दिवस. नाताळला घरोघरी बाळ येशूच्या जन्माचा देखावा, म्हणजे गोठा, मांडतात आणि त्यात हिरवं गवत लागतं, म्हणून वाडीतल्या घराघरांत नाचणी पेरली जाते. फिलूच्या घरी ते काम आईचं. या वर्षी फिलूने केलं. परात नव्हती, म्हणून तिने नारळाच्या पाच करवंट्या घेतल्या, त्यांत काळी माती भरली, वर नाचणीचे इवले इवले लालसर दाणे टाकले, आणि मनाशी ठरवून टाकलं की गवत उगवलं की आई येणार.

आता वाट बघायची, एवढंच काम उरलं होतं. पण ते फिलूला जमेल तर ना? सकाळी उठली की ती माती उकरायची आणि दाणा उलटा करून बघायची. दुपारी दुसरा उकरायची. संध्याकाळी परत पहिला. बाबा म्हणायचे, "अगं, त्यांना जरा निजू दे."

"निजलेत की मेलेत ते कळायला नको?" फिलू म्हणायची.

नाताळला चार दिवस उरले तरी पाचही करवंट्यांत नुसती काळी माती होती. बाबा दुसऱ्यांच्या वाडीत पाणी सोडायला गेले होते. फिलू केळीच्या बागेत गेली. तिथे दोन पानांच्या मध्ये कोळ्याचं मोठं जाळं होतं, त्यावर दवाचे चिमुकले मणी चमचमत होते, आणि मधोमध अडकली होती एक परी.

ती चतुर किड्याएवढीच होती. अबोलीच्या रंगाचा झगा, मोरपिशी पंख, पंखांच्या कडेला सोनेरी झालर, आणि अंगाला सोनचाफ्याचा मंद वास. "मला सोडव ना," ती म्हणाली. "दे एक हिसका."

फिलूने हिसका दिला नाही. तिने दवात बोट बुडवलं, एक धागा ओला केला, अलगद सोडवला. मग दुसरा, मग तिसरा. ऊन केळीच्या शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उतरलं, तेव्हा कुठे परी सुटली. पंखाला एक चीरही पडली नव्हती.

"तू देवदूत आहेस?" फिलूने विचारलं.

"छे गं, देवदूत उंच असतात. मी या वाडीतलीच, घाईची परी. तू मला सोडवलंस, म्हणून तुला दोन मागण्या देते."

"गोष्टीत तीन असतात."

"त्या मोठ्या पऱ्या. माझ्याकडे दोनच मावतात."

"फुकट?"

"फुकट."

फिलूचे डोळे बारीक झाले. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"नियम एवढाच," परी घाईघाईने म्हणाली, "की जे येणारच आहे, ते मी लवकर आणते. जे यायचंच नाही, ते माझ्याने होत नाही."

"आणि दुसरा नियम?"

परीचे पंख थबकले. "दुसरा आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"नेहमी असतो."

"तो सांगायचा नसतो. तो दिसतो," परी पुटपुटली आणि झग्याची झालर नीट करू लागली.

कुठेतरी पाणी मुरत होतं. फिलूला आई हवी होती, आत्ताच्या आत्ता हवी होती. पण आईला मागायच्या आधी परीची परीक्षा घ्यायला हवी होती. ती एक करवंटी घेऊन आली. पाच नाही, एकच. "यातलं गवत आज आण."

परीने टिचकी वाजवली. मातीतून सळसळत गवत वर आलं, वीतभर उंच. फिलूला आनंद झाला, पण तो क्षणभरच टिकला. गवत पांढरंफटक होतं. ते एका बाजूला कललं आणि ओल्या दोऱ्यासारखं आडवं पडलं. फिलूने एक पातं उचललं, तर ते तसंच हातात आलं. त्याला मूळच नव्हतं.

"हाच दुसरा नियम," परी खाली बघत म्हणाली. "आज आणलं की आज जसं असेल तसंच येतं. आणि परत पाठवता येत नाही."

"मग आई?"

"मागितलीस तर आणेन. आत्ता, या क्षणी."

"तिचं हाड?"

"कच्चं आहे अजून. तसंच राहील."

फिलू मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आई इथे हवी होती, आणि आईने पुन्हा चालायलाही हवं होतं. दोन्ही आजच हवं होतं.

परी तिच्या गुडघ्यावर येऊन बसली. "फिलू, मला सोडवताना तू हिसका का दिला नाहीस? मी तर म्हणत होते."

"पंख फाटला असता." फिलूने नाक पुसलं. मग तिने जाळ्याच्या सुट्या धाग्यांकडे पाहिलं. "देवही आईचा पाय तसाच सोडवत असेल का? एकेक धागा? फाटू नये म्हणून?"

"ते मला विचारू नकोस. वेळ माझ्या हातात नाही, ती त्याच्या हातात. मला फक्त घाई करता येते." हे परी पहिल्यांदाच सरळ बोलली, असं फिलूला वाटलं.

"दुसरी मागणी उरली आहे," परी म्हणाली. "सूर्य मावळला की वाया जाईल."

फिलूने विचार केला. कच्चं काही मागायचं नव्हतं. "बाबा रविवारी आईकडे जातील, तेव्हा मी तिला एक निरोप देणारच होते. तो पूर्ण तयार आहे. तो आज पोचव. सांग, घाई करू नकोस, आई. मी थांबते."

परी लखकन उजळली. केळीची पानं क्षणभर सोन्याची झाली, एक सोनेरी ठिणगी शहराच्या दिशेने गेली, आणि मागे फक्त चाफ्याचा वास उरला.

फिलूने उरलेल्या चार करवंट्यांत शेवटची मूठभर नाचणी नव्याने पेरली. पाणी शिंपडलं आणि हात पाठीमागे बांधले.

नाताळ आला. सगळ्यांच्या गोठ्यात हिरवं गवत होतं, फिलूच्या गोठ्यात चार करवंट्या माती. आई आली नाही. फिलूला फार वाईट वाटलं, परीने फसवलं असंही वाटलं, देवानेही. तिचं बोट मातीपर्यंत गेलं. मग तिला तो मोरपिशी पंख आठवला, आणि तिने बोट मागे घेतलं. त्या संध्याकाळी तिने "आमेन" म्हणताना दोन्ही डोळे मिटलेले ठेवले.

दोन दिवसांनी मातीवर हिरव्या टाचण्या दिसल्या. नाताळनंतर बारा दिवसांनी तीन राजांचा सण आला, तोवर शेजाऱ्यांचं गवत पिवळं पडून वाळलं होतं आणि फिलूचं गवत बोटभर उंच, पोपटी, ताठ उभं होतं. त्याच दिवशी सकाळी केळीच्या वाटेने बाबा आले, आणि त्यांच्या पुढे आई. काठी नाही, आधार नाही. ती चालत होती.

फिलू धावली नाही. आधी तिने आईचे दोन्ही पाय निरखून पाहिले. "विहिरीपर्यंत जाऊन ये बघू," ती म्हणाली.

आई हसली, विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. मग मात्र फिलू तिच्या कुशीत अशी शिरली की बाबांना तिची वेणीसुद्धा दिसेना.

"एक सांगू?" आई गोठ्यापाशी बसत म्हणाली. "नाताळच्या चार दिवस आधी मी हट्टच धरला होता. लेक वाट बघतेय, मला आजच घरी सोडा, असं डॉक्टरांना सांगायला मी खाटेवरून उठतच होते. उठले असते तर पाय गेला असता, असं ते नंतर म्हणाले. पण तेवढ्यात चाफ्याचा वास आला, आणि तुझा आवाज. घाई करू नकोस, आई. मी थांबते. मग मी परत आडवी झाले."

फिलूने गोठ्याकडे पाहिलं. पोपटी गवतात, बाळ येशूच्या पायांशी, एक मोरपिशी झळाळी हलली. सारं घर चाफ्याच्या फुलासारखं पिवळंधमक उजळलं, आणि मग साधं ऊन उरलं.

पुढच्या वर्षी फिलूने पुन्हा करवंट्यांत नाचणी पेरली, आणि या वेळी माती अजिबात उकरली नाही. बरं, एकदा उकरली. पण लगेच झाकली.