आकाशातले पाहुणे आणि कातळमाळची माती

काळ्या खडकावर वसलेल्या कातळमाळ नावाच्या गावात धुरपदा नावाची एक बाई राहत होती. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने बारीक, आवाजाने मोठी. सगळे गाव तिला धुरपदाकाकू म्हणे. तिच्याकडे एकच विद्या होती. मूठभर माती नाकाशी नेऊन ती सांगायची, हिला पाला हवा आहे, हिला राख पुरे झाली, हिला एक वर्ष नुसती पडू द्या. तिचे सांगणे सहसा चुकत नसे.

या गावाला पूर्वी माती नव्हतीच. धुरपदाच्या आजीच्या काळात हे लोक खाली नदीकाठी राहत. तेव्हाच्या राजाला तिथे बाग करायची होती. त्याने गावाला उठवले आणि वरचा उघडा कातळ दाखवला. लोक वर आले. पाण्याला आणि मातीला अडवण्यासाठी त्यांनी दगडांचे बुटके बांध घातले. मग ओढ्यातला गाळ, रानातला पाला, गोठ्यातले शेण, चुलीतली राख, जे मिळेल ते पाटीत भरून डोक्यावरून आणले. पहिल्या वर्षी त्या मातीत बोटसुद्धा बुडत नव्हते. धुरपदाच्या आईच्या वेळेस पाऊल बुडू लागले. पाट्या वाहून वाहून तिच्या टाळूवर केस उगवायचे थांबले होते. आता धुरपदाच्या वेळेस माती गुडघाभर झाली होती. काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली.

एके सकाळी राजधानीबाहेरच्या मैदानावर आकाशातून एक भलेमोठे वाहन उतरले. दिसायला पालथ्या घंगाळासारखे. त्यातून सात जण बाहेर आले. उंच, सडपातळ, राखेच्या रंगाचे. ते दुसऱ्या एका ताऱ्याजवळच्या जगातून अकरा वर्षे प्रवास करून आले होते. बुद्धीने इतके तल्लख की आठवड्याभरात इथली भाषा बोलू लागले.

राजाची छाती फुगली. पृथ्वीवर इतके राजे असताना हे आपल्याच दारी आले, म्हणजे आपली कीर्ती ऐकूनच आले, अशी त्याची खात्री झाली. त्याने त्यांना खजिना दाखवला. सोन्याकडे बघून पाहुण्यांचा म्होरक्या म्हणाला, "आमच्या वाटेवर याचा एक अख्खा डोंगर लागला. आम्ही त्याला वळसा घालून आलो." राजाने घोडदळ दाखवले. पाहुण्यांनी घोडे पाहिले, पण वाकून वाकून बघत राहिले ते खाली पडलेल्या लिदीकडे.

"मग तुम्ही आलात तरी कशासाठी?" राजाने शेवटी विचारले.

"सोने, लोखंड, पाणी, आग, हे आकाशात जागोजागी आहे," म्होरक्या म्हणाला. "आम्ही पुष्कळ जगे पाहिली. दगड सगळीकडे सापडला. पण बी टाकले की झाड परत देणारी माती आम्हाला फक्त इथे दिसली. आमच्याकडे अन्न यंत्रे बनवतात. आमचे पोट भरते, पण आमच्या जगात एक पानही आपणहून उगवत नाही. आम्हाला माती हवी आहे. वरून पाहिले तेव्हा सगळ्यात जिवंत माती त्या कातळावर दिसली."

राजाला हसू आले. एवढा लांबचा प्रवास आणि मागणे मातीचे. "ती तर आपोआप झालेली आहे, हवी तेवढी न्या," असा त्याने तिथल्या तिथे शब्द दिला. बदल्यात पाहुण्यांनी त्याच्या महालावर कधीही न विझणारा, शंभर कोसांवरून दिसणारा दिवा बसवून द्यायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी कातळमाळात दवंडी पिटली गेली. आठ दिवसांनी गावातली सगळी माती, खाली खडक लागेपर्यंत, खणून पाहुण्यांना दिली जाईल. गावाला वर्षभर सरकारी कोठारातून धान्य मिळेल.

दवंडी ऐकली तेव्हा धुरपदा शेतात शेणखत पांगवत होती. ती मटकन बांधावर बसली. ती काही शूर बाई नव्हती. सरकारी माणूस दिसला की ती आजवर वाट बदलत आली होती.

गाव देवळापुढे जमले. गावचा पाटील गणोजी म्हणाला, "एकीकडे राजा, दुसरीकडे आकाशातून आलेले लोक. त्या दोघांपुढे आपण कोण? वर्षभर धान्य तरी मिळते आहे."

"आणि वर्षानंतर?" धुरपदाने विचारले.

"पुढचे पुढे बघू, काकू."

"माझ्या आजीला उठवले तेव्हाही कुणीतरी हेच म्हणाले असेल," धुरपदा म्हणाली. "तेव्हा चढून यायला कातळ तरी होता. आता कातळावरून कुठे जायचे?"

लोक एकेक करून घरी गेले. धुरपदाही गेली. आठ दिवस तिला धड जेवण गेले नाही. कधी तिला वाटे, आपण एकटीने काय करणार. कधी वाटे, निदान आपल्या डोळ्यांसमोर तरी हे होऊ देऊ नये. रोज सकाळी मात्र ती सवयीने शेतात जाई आणि उरलेले खत पांगवी. शेजारीण म्हणाली, "अहो काकू, न्यायलाच येणार आहेत ना, मग कशाला राबता?" धुरपदा म्हणाली, "अजून नेली नाही."

आठव्या दिवशी शंभर बैलगाड्या आल्या. कुदळी-फावडी घेतलेले शिपाई आले, पालखीतून राजा आला, बरोबर प्रधान आणि सातही पाहुणे. धुरपदा आपल्या शेताच्या मधोमध बसली होती.

प्रधान पुढे झाला. "बाई, ऊठ. ही जमीन महाराजांची आहे."

"असेल," धुरपदा म्हणाली. "महाराजांच्या आजोबांनी आम्हाला दिली तेव्हा जी जमीन होती, ती खाली आहे. काळी, टणक. ती खुशाल न्या. वरची माती आमची आहे. ती आम्ही आणली आहे."

शिपायांपैकी एक जण खाली मान घालून हसला. राजाने पालखीतून तोंड बाहेर काढले. "तुला वर्षभर बसून खायला मिळणार आहे. आणखी काय हवे?"

"महाराज, मी बसून खायला शिकलेले नाही. ज्यात राबायचे तेच तुम्ही नेताय."

"मातीच तर आहे ती. कुठेही पडलेली असते."

"मग कुठूनही उचला. इथलीच का?"

राजाचा चेहरा लाल झाला. त्याने शिपायांना खूण केली. दोघे पुढे आले, पण म्होरक्याने हात वर केला तसे ते थबकले. म्होरक्या राजाकडे वळला. "ही माती आपोआप झालेली आहे, असे तुम्ही आम्हाला सांगितले होते. ही बाई म्हणते, त्यांनी ती आणली."

राजाने तोंड पालखीत घेतले. मग म्होरक्या धुरपदासमोर येऊन उभा राहिला. तिच्या दुप्पट उंच. "बाई, आम्ही ठरवले तर ही माती तुमच्यासकट उचलून नेऊ शकतो. तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते," धुरपदा म्हणाली. "पण उठावेसे वाटत नाही. न्यायची तर न्या. तुम्हाला कोण अडवणार? फक्त मला एवढे सांगा, ती तुमच्याकडे किती दिवस टिकेल?"

खोटे बोलणे त्या लोकांना जमत नसे. म्होरक्या म्हणाला, "याआधी एकदा आम्ही तुमच्याच पृथ्वीवरच्या दूरच्या एका अरण्यातून दोन पेट्या माती नेली होती. वाटेतच महिन्याभरात ती धूळ झाली. त्यात काही उगवले नाही. आम्हाला वाटले, ती माती हलकी असेल. म्हणून चांगली शोधत इथे आलो."

"माती चांगलीच असणार," धुरपदा म्हणाली. "अरण्यात तिला पाला मिळतो, किडामुंगी मिळते, पाऊस मिळतो. तुमच्या पेटीत काय मिळाले? तिला रोज खायला घालावे लागते. तुम्ही शंभर गाड्या न्या. महिन्याभराने शंभर गाड्या धूळ होईल. तिकडे तुम्ही रिकाम्या हाताने आणि इकडे आम्ही उपाशी."

राजाला वाटले, आता दिवा हातचा जातो. तो घाईने म्हणाला, "मग या बाईलाही घेऊन जा. हिला सगळे येते. मी दिली तुम्हाला."

आता मात्र धुरपदा उठली.

"मी काय कोठारातले पोते आहे, महाराज? मी कुणाला द्यायला तुमची नाही. मी जाणार नाही आणि ही मातीही जाणार नाही." मग ती म्होरक्याकडे वळली. "तुम्हाला शिकायचे असेल तर पाटी उचला. मला माझ्या आईने शिकवले, मी तुम्हाला शिकवीन. त्यासाठी काही मागणार नाही. पण आधी या गाड्या परत पाठवा. माझ्या बांधावर कुदळ घेऊन उभे राहून कुणी मला काही मागायचे नाही."

बांधापलीकडे गावातल्या बाया केव्हाच्या जमल्या होत्या. शेजारीण आत आली आणि धुरपदाच्या बाजूला जाऊन बसली. मग आणखी दोघी आल्या, मग सगळ्याच. पुरुष आले. गणोजी पाटील मात्र वेशीतच उभा राहिला, ना आत ना बाहेर.

प्रधान पुटपुटला, "बाई, महाराजांची माफी माग. अजून सांभाळून घेतील."

"चूक माझी असती तर मागितली असती," धुरपदा म्हणाली.

सातही पाहुणे बाजूला जाऊन आपसात बोलले. मग म्होरक्या राजाजवळ आला. "या गाड्या परत न्या, महाराज. आपला सौदा मोडला असे समजा. अकरा वर्षांचा प्रवास करून पेटीभर धूळ घेऊन परत जाण्याइतके आम्ही मूर्ख नाही." एवढे बोलून तो शेतात उतरला आणि त्याने शेणाची पाटी उचलली. ती कशी धरायची हे त्याला कळत नव्हते. निम्मे शेण त्याच्या पायावर पडले.

पाहुण्यांसमोर राजाला काही करता येईना. तो निघून गेला, पण राग विसरला नाही. कातळमाळात कुणी मीठ नेऊ नये असा त्याने हुकूम काढला. गावाने पहिले सात महिने अळणी भाकरी खाल्ली. पाहुणेही त्यांच्याबरोबर तेच खात. लहान मुले रडत, म्हातारी माणसे कुरकुरत. दोनदा प्रधानाचा निरोप आला की धुरपदाने माफी मागितली तर मीठ सुटेल. दुसऱ्या वेळी गणोजी पाटीलच निरोप्याला म्हणाला, "आमच्या काकू जाणार नाहीत आणि आम्ही त्यांना सांगणारही नाही." शेवटी एक मिठाचा व्यापारी आपणहून आडवाटेने वर आला. त्याला कातळमाळची वांगी हवी होती.

पाहुणे दोन वर्षे राहिले. पाला कुजवायला शिकले, गांडुळे ओळखायला शिकले, मातीचा वास घ्यायला शिकले. बुद्धी तल्लख असल्यामुळे हे सगळे त्यांना लवकर आले. जमले नाही ते थांबणे. म्होरक्या रोज येऊन विचारी, "झाली का माती?" एकदा धुरपदा म्हणाली, "अरे बाबा, आजीने सुरू केले ते अजून झालेले नाही. तू दोन महिन्यांत काय विचारतोस?"

म्होरक्याने पाटी खाली ठेवली. "मग तुमच्या आजीने सुरू तरी का केले? तिला तर काहीच मिळाले नाही."

"तिला बोटभर मिळाली. बाकीची आम्हाला." धुरपदाने पुन्हा खत पांगवायला घेतले. त्या दिवसानंतर म्होरक्याने "झाली का माती?" असे पुन्हा विचारले नाही.

जाताना धुरपदाने त्यांना पाटीभर माती दिली, बियाणे दिले आणि बजावले की पेटी बंद करू नका. वाटेत पाहुणे राजाचा निरोप घ्यायला थांबले. राजा पाटीकडे बघून म्हणाला, "एवढ्यासाठी दोन वर्षे घालवलीत? मी तर तुम्हाला शंभर गाड्या देत होतो."

म्होरक्या म्हणाला, "तुम्ही जे देत होता ते तुमचे नव्हते, महाराज. आणि आम्ही जे न्यायला आलो होतो ते गाडीत मावणारे नव्हते. आपण मेल्यावर पुरे होईल अशा कामाला हात घालणारी माणसे आम्ही दुसऱ्या कुठल्याही जगात पाहिली नाहीत. पुन्हा कधी आलो तर त्यांना भेटायला येऊ. तुमच्या महालावरून जावे लागेल, पण थांबणार नाही."

त्यांचे वाहन कातळमाळवरून गेले तेव्हा धुरपदा पेरणीत होती. तिने मान वर करून पाहिले, मातीने भरलेला हात एकदा हलवला आणि हातातली ओळ पुरी करायला वाकली.

तात्पर्य: आपल्या कष्टाने जिवंत ठेवलेली गोष्ट शिकायला येणाऱ्याला मोकळ्या हाताने द्यावी, पण ती हुकूम करून मागणारा राजा असो की आकाशातून उतरलेला असो, त्याच्यासाठी जागचे उठू नये.